विहिरीचे पाणी : दोन बाटल्या, दोन तपासण्या



विहिरीचे पाणी नितळ दिसते, गोड लागते, म्हणून ते निर्दोष आहे असे आपण धरून चालतो. परंतु रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि पाण्यात विरघळलेल्या नायट्रेटला रंगही नसतो, वासही नसतो. शेतातला युरिया, उकिरडा व संडासाचा खड्डा यांतून ते पावसाबरोबर जमिनीत झिरपते आणि विहिरीत उतरते.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे. सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतील बाळाला. अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध पाजल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, ओठ व नखे निळसर पडतात, वेळीच उपचार न झाल्यास जीवावर बेतते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. म्हणून तपासणी हवी. ती सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत करून मिळते.

नमुना असा घ्यावा :

१) रासायनिक तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी.

२) जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणावी. ती विसळू नये. तोंडाला व झाकणाच्या आत बोट लावू नये. भरल्यावर थंड जागी ठेवून त्याच दिवशी, फार तर २४ तासांत पोचवावी.

३) बाटल्यांवर विहिरीचे ठिकाण, तारीख व वेळ लिहावी.

अहवाल आल्यावर काय करावे? १०० मिलिलिटर पाण्यात 'ई. कोलाय' हा विष्ठेतून येणारा जंतू मुळीच आढळता कामा नये. आढळल्यास दर १,००० लिटर पाण्यास २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून तिची निवळी विहिरीत टाकावी व तासभर पाणी उपसू नये. नायट्रेट अधिक असल्यास बाळासाठी दुसऱ्या, तपासलेल्या ठिकाणचे पाणी आणावे. उकिरडा व संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावा. युरिया एकदम न टाकता पिकाच्या गरजेप्रमाणे हप्त्यांनी द्यावा.

जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, आणि रासायनिक तपासणी एकदा करावी, असे आम्ही सुचवतो. ज्या घरी पाळणा हलणार आहे, त्या घराने तर बाळ येण्याआधीच दोन्ही बाटल्या पाठवाव्यात.