वॉटर पोलोचा गोलकीपर

विहिरीत सूर मारणारे पोट्टे अमरावती-अकोल्याकडे गावोगावी सापडतील. वॉटर पोलो पाहिलेले मात्र विरळाच. १९५१ च्या दिल्ली एशियाडमध्ये याच खेळात भारताने सुवर्णपदक मिळवलं होतं!

यात सर्वांत अवघड काम गोलकीपरचं. गोल ३ मीटर रुंद, पाण्यावर ९० सेंटिमीटर उंच. ताशी ७२ किमी वेगाचा बॉल ५ मीटर अंतर पाव सेकंदात कापतो. बॉल सुटल्यावर हलाल तर उशीरच. म्हणून कीपर मारणाऱ्याच्या खांद्या-कोपराकडे बघतो. शिवाय साधी भूमिती : हाच फटका समोरून येणार असेल आणि कीपर रेषेपासून १ मीटर पुढे आला, तर ३ ऐवजी २.४ मीटरच झाकावे लागतात. (डोक्यावरून लॉब गेला की भूमिती संपली!)

खरी मेहनत पायांची. खोल पाण्यात दोन्ही पाय रवीसारखे, पण एकमेकांच्या उलट दिशेने फिरवायचे. याला एगबीटर म्हणतात. कात्रीसारखी लाथ मारली की शरीर वर-खाली होतं. यात आधार सलग मिळतो. सरावात आधी नुसते हात वर, मग डोक्यावर पाण्याची कॅन धरून हेच. प्रशिक्षकासमोरच, बरं का.

आणि डोकं? अमेरिकेची कीपर अ‍ॅशली जॉन्सन मानसशास्त्राची पदवीधर. २०१६ ला रिओ, २०२१ ला टोकियो, दोन ऑलिम्पिक सुवर्णं. त्या दोन्ही फायनलमध्ये अमेरिकेने ५-५ गोल खाल्लेच. जाळ्यातला बॉल परत फेकतानाच कीपरने बघायचं : मारणारा डावखुरा होता का, आपला कोणता गडी त्याला मोकळा सोडून आला? ते ओरडून सांगायचं आणि पुन्हा पाय फिरवायला लागायचं.