तांबी बसवण्याआधी

वरळी, मुंबई

चि. सौ. मनूस,


तांबी बसवायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत, बरं झालं. बाळ जेमतेम तीन महिन्यांचं. तुझी तब्येत सावरायला अवधी हवाच. पण सासूबाईंची भीती उडवून लावू नकोस. त्यांच्या आईच्या पिढीनं तांबीच्या आधीचा लूप पाहिलाय. 1965 साली सरकारनं प्लॅस्टिकचा लिपीज लूप देशभर आणला, शिबिरं भरवली. पुढे अंगावरून जास्त जाऊ लागलं, कंबर धरू लागली, तेव्हा बायकांचं ऐकून घ्यायला कुणी फारसं थांबलं नाही. दोन-तीन वर्षांत लूप मागे पडला, धास्ती मात्र राहिली. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये ज्या मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तिथल्या आपल्या बीडीडी चाळींतही!

तांबी काळजापर्यंत चढते असं म्हणतात, ते खोटं. मात्र बसवताना क्वचित, हजारात एखाद-दुसरीच्या बाबतीत, गर्भपिशवीला छिद्र पडून तांबी पोटात जाऊ शकते. अंगावर पाजणाऱ्या बाईला हा धोका अधिक. म्हणून तू पाजतेस हे आधी सांग आणि हात बसलेल्या डॉक्टरांकडेच जा.

पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त जाईल, कळाही येतील. बाळंतपणात तुझं रक्त कमी झालं होतं, तेव्हा हिमोग्लोबिन आधी तपास. एवढं करूनही सोसवेना, तर तांबी काढायला सांग. "अजून थोडं सोस" असं नर्स म्हणो, सासू म्हणो की नवरा; शरीर तुझं आहे. मी इतकी वर्षं प्रसूतिगृहात काम केलं, गप्प राहून अशक्त झालेल्या बायका पाहिल्या. तू गप्प राहू नकोस.

पाळीनंतर दोरा बोटाला लागतो का बघत जा. लागला नाही, तर तांबी पडली किंवा सरकली असेल. सोनोग्राफी होईपर्यंत निरोध वापरा. ताप, घाण वासाचं पाणी, ओटीपोटात दुखणं, विशेषतः पहिल्या तीन आठवड्यांत, म्हणजे संसर्गाची शंका. तांबी असताना दिवस राहणं विरळाच, पण राहिले तर गर्भ नळीत असू शकतो. पाळी चुकली की लगेच लघवी तपास. एका बाजूला दुखून घेरी आली तर सकाळची वाट बघायची नाही.

375 ची तांबी 5 वर्षं चालते, 380 ए ची 10. कोणती बसवली ते तारखेसकट कार्डावर लिहून घे. पुढच्या तपासणीचा दिवस कळव, बाळाला मी सांभाळीन.

तुझी,
मावशी