उसाच्या गावातली साखर

मुलांनो, आपल्या भागात साखर म्हणजे सुबत्ता. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले आणि बारामती-इंदापूरच्या शिवारात ऊस उभा राहिला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे कारखाने निघाले. पाहुण्याला फिका चहा देणे आपल्याला कमीपणाचे वाटते. याच गावांत 'त्यांना शुगर झाली' हे वाक्यही आता सारखे कानांवर पडते.

या रोगाला मराठीत मधुमेह म्हणतात. मधु म्हणजे शहद आणि मेह म्हणजे लघवी. रोग्याची लघवी गोड होते, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते. तुमच्या उर्दूतला शब्द आहे जियाबेतस.

आपण खाल्लेल्या अन्नातून रक्तात साखर येते. इन्सुलिन नावाचा रस तिला स्नायूंत पोहोचवतो. पोटावर चरबी साठली, शरीराला काम उरले नाही, की इन्सुलिन पुरे पडत नाही. मग साखर रक्तातच राहते आणि हळूहळू डोळे, मूत्रपिंड व पायांच्या नसा खराब करते. दुखत मात्र काहीच नाही, म्हणून माणूस गाफील राहतो.

उपाशीपोटी रक्तातील साखर 100 पेक्षा कमी असावी. पुन्हा तपासूनही ती 126 किंवा जास्त आली, तर मधुमेह समजतात. मधले लोक उंबरठ्यावर असतात. भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून जास्त लोक उंबरठ्यावर आहेत, असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले.

उंबरठ्यावरून माणूस मागे फिरू शकतो का? चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशा 531 लोकांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी नेहमीसारखेच दिवस काढले, त्यांच्यापैकी शंभरात 55 जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी आहार सुधारला आणि चालणे वाढवले, त्यांच्यात हा आकडा 39 राहिला. यात जादू नाही. पण शंभरातली सोळा माणसे म्हणजे थोडी नव्हेत.

आता घरात पाहू. दोन चमचे साखरेचा एक कप, असे दिवसाला चार कप चहा झाले की आठ चमचे, म्हणजे सुमारे 40 ग्रॅम साखर पोटात जाते. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास! गूळ घातला तर चालतो, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. गूळही साखरच आहे. चहाबरोबरची खारी आणि पाव मैद्याचे. त्यांचीही साखरच होते. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार भाकरी खाल्ल्या तर तीही साखर वाढवते. म्हणून अर्धे ताट मेथी, शेपू, दोडका, काकडी यांनी भरावे. पाव ताटात डाळ, मटकी, अंडे किंवा भिगवणच्या बाजारातला मासा घ्यावा. तो तळण्यापेक्षा रश्शात बरा. भाकरी किंवा भात उरलेल्या पाव ताटात. जेवणानंतर लगेच आडवे न होता थोडे चालावे. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात.

रमजानमध्ये जास्त सांभाळावे लागते. दिवसभर उपाशी राहून इफ्तारीला सरबत, भजी आणि मूठभर खजूर खाल्ले की साखर एकदम चढते. एखादा खजूर आणि पाणी घ्यावे, मग साधे जेवण करावे. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोजे सुरू होण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारावे. बोटातून थेंबभर रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर चढली, तर मात्र रोजा सोडावा, असे डॉक्टर सांगतात.

आमच्या शेजारच्या एका चाचांनी चालणे सुरू केले, गोड सोडले आणि साखर उतरली. त्यांना वाटले, रोग गेला. त्यांनी आपल्याच मनाने गोळ्या बंद केल्या. वर्षभराने चपलेचा खिळा पायात गेला. त्यांना कळलेच नाही. दोन बोटे कापावी लागली. पथ्याने गोळ्या कमी होतात, काहींच्या सुटतातही. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. लहान मुलांना होणाऱ्या मधुमेहात तर बहुधा इन्सुलिन रोज घ्यावेच लागते. तिथे नुसते पथ्य पुरत नाही.

तुमच्या दादीला किंवा नानीला तपासणीचा कागद वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून दाखवा. आकडा आणि तारीख वहीत लिहा. पुढच्या वेळी ती वही डॉक्टरांना दाखवता येईल.

शब्दार्थ : सुबत्ता – खुशहाली, स्नायू – पट्ठे, मूत्रपिंड – गुर्दा, पथ्य – परहेज, उंबरठा – दहलीज.

स्वाध्याय
1. 'मधुमेह' या शब्दाचा अर्थ सांगा.
2. चाचांच्या पायाला झालेली जखम त्यांना का कळली नाही?
3. तुमच्या घरी एका दिवसात चहासाठी किती चमचे साखर लागते, ते मोजून लिहा.