४२९४९६७२९७ : एका संख्येविषयी भाच्यास पत्र



मोठी संख्या समोर आली की २, ३, ५ अशा क्रमाने भागत सुटण्याची सवय शाळेत लागते. परंतु गणिताचा अभ्यास पुढे नेऊ इच्छिणाऱ्याने भागाकाराला हात घालण्यापूर्वी, विभाजक असलाच तर तो कोणत्या रूपाचा असेल, हे आधी ठरवावे. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी ४२९४९६७२९७ ही संख्या त्यासाठी मुद्दाम अभ्यासावी.

फ्रेंच गणिती पिअर द फर्मा याने १६४० मध्ये असे पाहिले, की २ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत नेला आणि दर वेळी १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७, ६५५३७ या संख्या येतात व त्या पाचही मूळ असतात, म्हणजे १ व ती संख्या स्वतः यांखेरीज त्यांना विभाजक नसतो. पुढच्या सर्व संख्याही मूळच असणार, असे त्याने मानले. गोल्डबाख या गणितीने १७२९ मध्ये पत्रातून हे मत गणिती लिओनार्ड ऑयलरच्या नजरेस आणले आणि १७३२ मध्ये ऑयलरने लगतच्याच, म्हणजे ४२९४९६७२९७ या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो, हे दाखवले. विभाजकांच्या रूपाची उपपत्ती त्याने पुढे स्वतंत्रपणे मांडली.

ती उपपत्ती अशी : एखाद्या मूळ संख्येने ४२९४९६७२९७ ला भाग जात असेल, तर तिने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते, म्हणून ६४ व्या घाताची १ येते, आणि त्याआधीच्या कोणत्याही घाताची १ येत नाही. त्या मूळ संख्येतून १ वजा करून येणारा घातांक घेतला, तरी बाकी १ च येते, असे फर्माचे प्रमेय सांगते. तेव्हा तो घातांक ६४ च्या पटीत असलाच पाहिजे. हे प्रमेयही फर्माने १६४० मध्येच पत्रातून कळवले होते, म्हणजे स्वतःचे मत तपासण्याचे साधन त्याच्या हाताशीच होते, ही गोष्ट अभ्यासकाने मनात ठेवावी. ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा आहेत, म्हणून पाचव्याच भागाकारात उत्तर हाती येते. सरसकट भागत गेल्यास ६४१ ही ११६ वी मूळ संख्या ठरते.

भागाकार न करताही खात्री पटते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात, त्यामुळे ६४१ ने भागल्यावर त्याची बाकी −१, आणि त्याचा चौथा घात केल्यावर, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात यांची, बाकी १. पण ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६, म्हणून ६२५ च्या जागी −१६ घेता येतो. १६ हा २ चा ४ था घात असल्याने २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ ठरते, आणि त्यात १ मिळवताच शून्य.

उरलेला अवयव ६७००४१७ मूळ आहे, हे भाच्याने कागदावर स्वतः पडताळावे. त्याचे वर्गमूळ २५८८ च्या किंचित पुढे आहे आणि ६४१ च्या आतल्या चारही संख्या आधीच बाद झाल्या आहेत, तेव्हा ६४१ पासूनच आरंभ करावा.