जाम दरवाजाच्या अलीकडेच तपासा जीपचे ब्रेक

उज्जैनच्या माधवनगरातून, म्हणजे उज्जैनकरांच्या फ्रीगंजातून, निघालेल्या जीपच्या ब्रेकची इंदूर आणि महू मागे पडेपर्यंत फारशी परीक्षा होत नाही. माळव्याचं पठार सपाट. अर्धामुर्धा ब्रेकही तिथे निभावून नेतो. महूच्या पुढे अहिल्याबाई होळकरांच्या काळातला, १७९१ सालचा जाम दरवाजा लागतो. तिथून रस्ता विंध्याचा घाट उतरून निमाडात, मंडलेश्वर-महेश्वरकडे जातो. आठवडाभर दडलेला दोष याच उतारावर बाहेर पडतो. म्हणून तपासणी निघायच्या आदल्या दिवशी, घरासमोर करावी.

आधी गाडी कोणती ते पाहावं. विलीजच्या आराखड्यावरच्या जुन्या महिंद्रा जीपला चारही चाकांना ड्रम असतात आणि सुरुवातीच्या गाड्यांत मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. एक होज फुटला की चारही ब्रेक गेले. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीला पुढे डिस्क, मागे ड्रम.

मग पेडल. इंजिन बंद ठेवून ते जोरात दाबून धरावं. हळूहळू खाली बसत गेलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे आतले रबर झिजलेत. बाहेर कुठेच ओल नसेल तर संशय मास्टरवर. पेडल खोल जातं, पण दोन-तीनदा पंप केल्यावर वर येऊन कडक होतं? मग बहुधा ड्रममधले ब्रेक शू सैल झालेत; ते अॅडजस्ट करावेत. पंप करूनही स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा आहे. हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी आणि डब्यातलं ऑइल संपू देऊ नये, नाहीतर सगळं काम पहिल्यापासून.

ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढली, तर बरेच जण डावं चाक उघडून बसतात. दोष अनेकदा उजव्या चाकात असतो: तिथला ब्रेक लागतच नाही, म्हणून डावं एकटंच गाडी खेचतं. उजव्या बाजूचा व्हील सिलिंडर अडकलाय का, लायनरवर तेल आलंय का, हे पाहावं. मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर बोटानं घेऊन वास घ्यावा. पातळ असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय. दाट आणि उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल. एक्सलचा सील गेलाय. दोन्हींत भिजलेले लायनर बदलावेत. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेनं उडवू नये. ओल्या फडक्यानं पुसावी.

चाक गरम होतं, ब्रेक सोडल्यावरही मोकळं फिरत नाही? ते जॅकवर उचलून ब्लीडिंगचा निपल किंचित सैल करावा. ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब लाइनमध्ये कोंडला होता. मग मास्टरजवळचा पाइप सैल करून पाहावा: तिथे दाब सुटला तर मास्टर किंवा पेडलची फ्री प्ले, नाही सुटला तर आतून फुगलेला रबरी होज. बाहेरून असा होज धडधाकट दिसतो. निपल उघडूनही चाक अडलेलंच राहिलं तर पिस्टन, शू किंवा स्प्रिंग अडकली आहे. तपासणी झाल्यावर हवा काढायला विसरू नये.

बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद करून चार-पाचदा पेडल दाबावं, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावं. पेडल किंचित खाली गेलं नाही, तर बूस्टर, त्याची नळी किंवा डिझेल गाडीतला व्हॅक्यूम पंप तपासावा. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्यांची ही मदतही दोन-चार दाबांतच संपते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर ती मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात सतत ब्रेक दाबून ठेवला की ते उकळतं, लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. ऑइल काळपट झालं असेल किंवा बदलून दोन वर्षं झाली असतील, तर बदलूनच निघावं. डब्यात इंजिन ऑइल कधीही टाकू नये, रबर फुगतात.

ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी, काळ्या मातीत फिरलं की चिखल. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक अलगद दाबून सुकवावेत.

जुन्या विलीज-महिंद्रा जीपचा हँडब्रेक चाकांना नव्हे, ट्रान्स्फर केसमागच्या शाफ्टला धरतो. त्यामुळे एक मागचं चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. चाकांना दगड लावल्याशिवाय जॅक लावू नये. आणि घाट उतरताना पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, तर खालच्या गिअरमध्ये सुरक्षित जागी थांबावं, ब्रेक थंड होऊ द्यावेत. थंड झाल्यावरही पेडल वर आलं नाही, तर तिथूनच टो करून न्यावं.