सव्वीस गिगाहर्ट्झ आणि एफआर-फोर

फाइव्ह-जी आल्यापासून जळगाव-धुळ्याकडच्या अभियांत्रिकीच्या पोरांना प्रोजेक्टला विषय हवा असतो तो मिलिमीटर वेव्हच्या ब्रॉडबँड अँटेना अ‍ॅरेचा. 2022च्या लिलावात 24.25 ते 27.5 गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला, तेव्हापासून तर जास्तच. विषय वाईट नाही. जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात याच घराण्यातल्या लहरींवर 1895च्या सुमारास प्रयोग केले होते.

गाइड म्हणून मी पाहतो ते असं, की सिम्युलेशनचा आलेख देखणा येतो आणि बोर्ड हातात आला की सगळं मुसळ केरात. एका गटाने लॅबमध्ये पडून असलेला 1.6 मिमीचा एफआर-फोर बोर्ड घेतला. पॅचची लांबी आली जेमतेम दोन मिमी, आणि त्याला जोडायची 50 ओहमची पट्टी तीन मिमी रुंद! शिवाय इतक्या जाड थरात बरीच ऊर्जा सरफेस वेव्ह होऊन कडेकडेने निघून जाते.

2.2 परमिटिव्हिटीचं ड्युरॉइडसारखं लॅमिनेट घ्या. पाव मिमी जाडीवर तीच पट्टी पाऊण मिमीची होते. पण पातळ थरावर बँडविड्थ आखडते आणि आपल्याला हवी साडेबारा टक्के. म्हणून फीड पातळ थरावर, पॅच वरच्या जाड थरावर, मध्ये ग्राउंडला खाच. गिरीश कुमार आणि के. पी. रे यांचं 2003चं ब्रॉडबँड मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरचं पुस्तक आधी वाचा, मग सॉफ्टवेअर उघडा.

एचिंग फेरिक क्लोराइडच्या ट्रेमध्ये घरच्या घरी करू नका. पॅच 0.1 मिमीने चुकला तरी वारंवारता सुमारे 700 मेगाहर्ट्झने सरकते. बीम फिरवायचा असेल तर दोन पॅचमधलं अंतर वरच्या टोकाला, 27.5 गिगाहर्ट्झला धरून साडेपाच मिमीच्या आत ठेवा.

फीडचं म्हणाल तर केळीच्या ठिबकासारखं आहे. एकाच नळीवर ओळीने पॅच लावले की शेवटच्याला उशीर होतो आणि वारंवारता बदलली की बीम कलतो. समान लांबीच्या फांद्या कराव्यात, तर पट्ट्या लांबतात. पॅच दुप्पट केल्याने मिळणारे तीन डेसिबल त्या लांबीतच जिरू लागले, की तिथे थांबावं.

साधा एसएमए कनेक्टर 18 गिगाहर्ट्झपर्यंतचा; इथे 2.92 मिमीचाच लागतो आणि तो महाग आहे. आमचा नेटवर्क अ‍ॅनालायझर तर सहा गिगाहर्ट्झच्या पुढे जात नाही. म्हणून विषयाचा फॉर्म भरण्याआधी मुंबई-पुण्याच्या एखाद्या प्रयोगशाळेकडून मोजणीची लेखी परवानगी आणा. ती मिळत नसेल तर 5.8 गिगाहर्ट्झचा अ‍ॅरे करा. तिथे एफआर-फोरही निभावून नेतो.