कानांनी जपलेला वारसा : जॉन लॉर्ड

(द्वितीय वर्ष, कला)

रॉक संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम गिटार उभी राहते. पुढे गायक, त्याच्या शेजारी गिटारवादक, आणि मागे कोठेतरी एक मनुष्य पट्ट्यांवर बोटे फिरवत असतो. त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडेही निराळे काय आहे? कार्यक्रमपत्रिकेत गायकाचे नाव ठळक अक्षरांत असते आणि तळाशी बारीक अक्षरांत 'पेटीची साथ'. साथीला बसणाऱ्या या वाद्याला रॉक संगीतात मानाचे पान मिळवून देणारे जे थोडे वादक होऊन गेले, त्यांत इंग्लंडच्या जॉन लॉर्ड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १६ जुलै २०१२ रोजी वयाच्या ७१व्या वर्षी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या वादनाची थोडक्यात ओळख करून देणे आणि चाहत्यांच्या आठवणीने प्रत्यक्षात कोणते काम केले हे सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जडणघडण

जॉन लॉर्ड यांचा जन्म ९ जून १९४१ रोजी लेस्टर या गावी झाला. लहानपणी त्यांनी पियानोचे रीतसर शिक्षण घेतले. योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराची रचनापद्धती त्यांच्या बोटांत तेव्हापासून मुरली. पुढे जिमी स्मिथ या अमेरिकन जाझ वादकाचे हॅमंड ऑर्गन त्यांच्या कानांवर पडले आणि या दुसऱ्या ओढीने त्यांना घेरले. विशीच्या आसपास ते लंडनला आले ते अभिनय शिकण्यासाठी. परंतु संगीताने त्यांना सोडले नाही. 'द आर्टवुड्स' या संघात काही वर्षे वाजवल्यानंतर १९६८ साली गिटारवादक रिची ब्लॅकमोर, तालवादक इयन पेस आदींबरोबर त्यांनी 'डीप पर्पल' हा संघ उभा केला. एकीकडे बाखची शिस्त आणि दुसरीकडे जाझची मोकळीक, असे हे मिश्रण होते. 'हायवे स्टार' या १९७२ च्या गीतातील त्यांचे एकल वादन ऐकताना ही दोन्ही वळणे सहज ओळखू येतात.

वाद्याची करामत

हॅमंड ऑर्गन हे वाद्य अमेरिकेत १९३५ साली बाजारात आले. चर्चमधील प्रचंड पाइप ऑर्गन ज्यांना परवडत नसे, त्यांच्यासाठी ही सोय होती. आपल्या पेटीत भात्याची हवा पितळी सुरांवरून जाते व सूर निघतो. हॅमंडमध्ये भाताही नाही आणि पितळी सूरही नाहीत. आत विजेच्या मोटरीवर कडेला उंचवटे असलेली ९१ धातूची चाके फिरत असतात. प्रत्येक चाकाजवळ चुंबक व तारेचे वेटोळे असते. उंचवटे जितक्या वेगाने चुंबकासमोरून जातील, तितका स्वर उंच. वर ६१ पट्ट्यांच्या दोन रांगा एकावर एक असतात. शिवाय ड्रॉबार नावाच्या नऊ-नऊ दांड्यांचे संच असतात. त्या कमीजास्त बाहेर ओढून वादक मूळ स्वरात वरचे-खालचे स्वर मिसळतो आणि आवाजाचा पोत बदलतो.

परंतु ब्लॅकमोर यांच्या गिटारीपुढे हा गोड आवाज टिकणार कसा? लॉर्ड यांनी यावर काढलेला तोडगा धाडसाचा होता. गिटारसाठी बनवलेला मार्शल कंपनीचा ध्वनिवर्धक त्यांनी ऑर्गनला जोडला. आवाज फाटला, खरखरला आणि गुरगुरू लागला. वाद्य तेच, पण स्वभाव बदलला! प्रार्थनेसाठी बनवलेले वाद्य आता गिटारीशी सवाल-जवाब करू लागले. 'स्मोक ऑन द वॉटर' हे गीत सर्वांना गिटारीमुळे ठाऊक आहे. पण लक्ष देऊन ऐकल्यास त्या प्रसिद्ध ओळीखाली ऑर्गनही खांद्याला खांदा लावून उभे असल्याचे जाणवते. 'लेझी' या गीताचा तर आरंभच ऑर्गनने होतो.

मुंबईचा धागा

'चाइल्ड इन टाइम' हे डीप पर्पलचे १९७० चे गीत विशेष गाजले. त्याच्या आरंभीची ऑर्गनची ओळ 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या अमेरिकन संघाच्या १९६९ च्या वाद्यरचनेवरून घेतलेली आहे. त्या रचनेचे नाव 'बॉम्बे कॉलिंग'! त्या संघानेही पुढे डीप पर्पलची एक रचना उचलून उसने फेडले. १९९५ साली डीप पर्पलने मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात कार्यक्रम केला, तेव्हा लॉर्ड ऑर्गनवर होते. त्या कार्यक्रमाचे चित्रण पुढे प्रसिद्ध झाले, तेही 'बॉम्बे कॉलिंग' याच नावाने.

हरवलेली स्वरलिपी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. रॉक संघ आणि सिंफनी वाद्यवृंद यांनी एकत्र वाजवावे अशी 'कॉन्चेर्टो फॉर ग्रूप अँड ऑर्केस्ट्रा' नावाची तीन भागांची रचना लॉर्ड यांनी लिहिली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर ती सादर झाली. संचालन माल्कम अर्नोल्ड यांचे होते. वाद्यवृंदातील काही वादकांना हा संकर पसंत नव्हता आणि खुद्द डीप पर्पलमध्येही सर्वांना हा मार्ग मानवला नाही. १९७० साली अमेरिकेत हॉलिवूड बोल येथे रचना पुन्हा सादर झाली. त्यानंतर तिची लिखित प्रत हरवली, आणि प्रत गेली म्हणजे प्रयोगही संपला. ऐंशी-नव्वद वादकांनी काय वाजवावे हे कागदावाचून कोण सांगणार?

जवळजवळ तीस वर्षे हे असेच राहिले. मग मार्को दे गोई हा नेदरलँड्समधील तरुण संगीतकार पुढे आला. तो या रचनेचा चाहता होता. त्याने ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा ऐकले, जुने चित्रण पाहिले आणि प्रत्येक वाद्य काय वाजवते आहे हे कानाने शोधून स्वरलिपी नव्याने मांडली. ती घेऊन तो लॉर्ड यांना भेटला. उरलेल्या जागा लॉर्ड व संचालक पॉल मान यांच्या मदतीने पूर्ण झाल्या. २५ व २६ सप्टेंबर १९९९ रोजी त्याच सभागृहात लंडन सिंफनी वाद्यवृंदाने डीप पर्पलसह ती रचना वाजवली. कर्त्याची हरवलेली वस्तू श्रोत्याने कर्त्याला परत आणून दिली, असे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल. पुढे या रचनेचे स्टुडिओतील ध्वनिमुद्रणही लॉर्ड यांच्या अखेरच्या काळात झाले आणि २०१२ साली त्यांच्या निधनानंतर ते प्रकाशित झाले.

आठवण कशाला म्हणावे?

लॉर्ड गेल्यावर त्यांचा गौरव पुष्कळ झाला. २०१३ चा आपला संग्रह डीप पर्पलने त्यांना अर्पण केला. ४ एप्रिल २०१४ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांच्या स्मरणार्थ मोठी मैफल झाली; रिक वेकमन यांच्यासारखे नामवंत वादक तीत होते. २०१६ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने डीप पर्पलचा सन्मान केला, त्यात मरणोत्तर त्यांचेही नाव होते. २००२ मध्ये लॉर्ड संघातून निवृत्त झाल्यावर डॉन एरी यांनी ती जागा घेतली व हॅमंडचा तो आवाज चालू ठेवला. हे सर्व योग्यच आहे. पण मला दे गोईने केलेले काम या सर्वांहून मोठे वाटते.

त्याला कारण आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. स्वरलिपी मला येथे येईपर्यंत ठाऊक नव्हती. आमच्या गावच्या भजनी मंडळात जे आजोबा पेटी वाजवत, ते दोन वर्षांपूर्वी वारले. अभंगांना त्यांनी स्वतः बसवलेल्या चाली होत्या. एकही लिहिलेली नव्हती. मंडळाने फोटोला हार घातला, दुखवटा पाळला, आणि पुढच्या एकादशीला त्यांतल्या निम्म्या चाली कोणालाच धड उचलता आल्या नाहीत. दे गोईची हकिकत वाचल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन टाळकऱ्यांकडे व पखवाजवाल्या काकांकडे बसलो. मोबाइलवर कोणी केलेली दोन-तीन मुद्रणे सापडली. त्यांत टाळांचाच गजर अधिक. एका अंतऱ्यात कोमल निषाद की शुद्ध, यावर दोन म्हाताऱ्यांचा तासभर वाद झाला. शेवटी शेजारच्या काकू चुलीपुढून गुणगुणल्या आणि दोघेही गप्प झाले. निषाद कोमलच होता. अशा अकरा चाली आजवर वहीत उतरल्या आहेत. किती राहिल्या, ते ज्यांना ठाऊक होते ते आज नाहीत.

वादक जातो तेव्हा त्याचे वाजवणे दोन ठिकाणी उरते : कागदावर व लोकांच्या कानांत. कागद हरवतो हे लॉर्ड यांच्या बाबतीत दिसले. आमच्याकडे तर तो नव्हताच. कानांतले कागदावर उतरवणारा कोणी निघाला, तरच पुढच्या पिढीच्या हाती काही लागते. चाहत्याचे खरे काम तेथे सुरू होते. आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण खेड्यांतून आलेले आहेत. प्रत्येकाच्या गावी एखादा पेटीवाला, शाहीर अथवा सनईवाला असेलच. तो हयात असेल तर येत्या सुट्टीत त्याच्याजवळ वही घेऊन बसावे. आणि तो गेला असेल, तर ज्यांनी त्याला ऐकले त्यांच्याकडे त्याहूनही लवकर जावे.